उज्जयिनीचे क्षत्रप : एका शक राजघराण्याचा उदय आणि अस्त

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे तीनशे वर्षे, माळवा, गुजरात, काठेवाड आणि कच्छ या प्रदेशांवर शक वंशातील पश्चिमी क्षत्रपांची सत्ता होती. त्यांतले प्रमुख घराणे कार्दमकांचे. चष्टन हा त्याचा संस्थापक आणि उज्जयिनी ही त्याची राजधानी. परमुलखातून आलेल्या शक, पहलव, कुषाण या सत्तांपैकी प्राचीन भारतात इतका दीर्घ काळ दुसरी कोणतीही टिकली नाही. सातवाहन आणि कुषाण ही दोन्ही बलाढ्य साम्राज्ये या घराण्याच्या हयातीत मावळली. गुप्तांचा उदय झाल्यावरही दोन-तीन पिढ्या ते तग धरून होते.

पार्श्वभूमी

शक हे मुळात मध्य आशियातील भटके लोक. इ. स. पू. दुसऱ्या शतकात चीनच्या वायव्य सरहद्दीवरून हुसकावल्या गेलेल्या युएची टोळ्या पश्चिमेकडे सरकल्या आणि त्यांच्या रेट्याने शकांना आपली कुरणे सोडावी लागली. चीनमधील हान राजवटीच्या बखरींत या स्थलांतराची नोंद आहे. शकांच्या काही शाखा पूर्व इराणात स्थिरावल्या. त्या प्रदेशाला पुढे शकस्तान हे नाव पडले. तेथून बोलन खिंडीच्या वाटेने ते सिंधच्या खोऱ्यात आणि पुढे काठेवाड-माळव्यात पोहोचले. तक्षशिला आणि मथुरा येथेही शकांची राज्ये झाली, पण ती अल्पजीवी ठरली.

उज्जयिनी जिंकण्याजोगी होती. क्षिप्रेच्या काठचे हे नगर अवंती महाजनपदाची राजधानी होते आणि मौर्यकाळात युवराज अशोक येथे राज्यपाल होता. गढकालिका परिसरात १९५५ नंतर झालेल्या उत्खननात नगराभोवतीचा मातीचा प्रचंड तट आणि खंदक उजेडात आले. नगराची खरी दौलत मात्र त्याच्या जागेत होती. पैठणहून निघालेला व्यापारी मार्ग नर्मदाकाठच्या माहिष्मतीवरून उज्जयिनीला येई आणि पुढे विदिशा, कौशांबीमार्गे श्रावस्तीकडे जाई. दुसरा रस्ता पश्चिमेस भरुकच्छ, म्हणजे आजच्या भडोच बंदराकडे उतरत असे. पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात उज्जयिनी ‘ओझेनी’ या नावाने येते. तेथून भडोचला अकीक दगड आणि तलम व जाडीभरडी सुती कापडे उतरतात, असे तो सांगतो.

क्षहरात आणि सातवाहन

पश्चिम भारतातील पहिले शक घराणे क्षहरातांचे. भूमक आणि नहपान हे त्यातले ठळक राजे. नहपानाचा काळ वादग्रस्त आहे. त्याच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षे इ. स. ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या शक संवताची मानली तर तो इ. स. ११९ ते १२४ मध्ये येतो. ती त्याच्या राज्यारोहणापासून मोजलेली मानली तर तो पहिल्या शतकाच्या मध्याजवळ जातो. अलीकडच्या बहुतेक अभ्यासकांचा कल दुसऱ्या मताकडे आहे.

नहपानाच्या काळात उत्तर महाराष्ट्र आणि कोकण शकांच्या ताब्यात गेले. त्याचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आणि कार्ल्याला आहेत. नहपानाचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरला आहे. नाशिकच्या एका लेखातून त्या काळच्या पेढीव्यवहाराची चांगली कल्पना येते. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली. त्यांतल्या २,००० वर दरमहा शेकडा १ आणि उरलेल्या १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेच्या वार्षिक २४० कार्षापण व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरांसाठी प्रत्येकी १२ मिळायचे. परकी म्हणून आलेला राजवंश दोन-तीन पिढ्यांत स्थानिक धर्म, दान आणि सावकारी यांत किती मुरला होता, हे या एका लेखावरून दिसते.

शक-सातवाहन संघर्षाचे कारण बंदरे होती. घाटावरचा माल नाणेघाटाने कल्याणला उतरवायचा की उत्तरेला वळवून भडोचला न्यायचा, यावर दोन्ही राज्यांचे जकातीचे उत्पन्न ठरत असे. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्याच ग्रीक खलाशाने नोंदवले आहे. हा कोंडमारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने मोडला. त्याने नहपानाचा पराभव केला आणि क्षहरात घराणे संपले. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. त्याची आई बलश्री हिच्या नाशिक लेखात त्याच्या ताब्यातील प्रदेशांच्या यादीत आकर आणि अवंती, म्हणजे पूर्व आणि पश्चिम माळवा, यांचीही नावे आहेत. उज्जयिनी त्या वेळी काही काळ सातवाहनांकडे होती.

चष्टन

हा पराभव भरून काढण्याचे काम दुसऱ्या एका शक घराण्याने केले. यसामोतिक याचा मुलगा चष्टन हा कार्दमक वंशाचा पहिला राजा. कच्छमधील अंधौ येथे त्याच्या काळातील शिलालेख मिळाले आहेत. एकावर वर्ष ११ आहे, इतरांवर वर्ष ५२. शक संवताप्रमाणे ही वर्षे इ. स. ८९ आणि १३० येतात. म्हणजे चष्टनाची कारकीर्द चार दशकांहून अधिक काळ चालली. आधी कच्छ, मग काठेवाड आणि शेवटी माळवा, अशा क्रमाने त्याचे राज्य वाढत गेलेले दिसते. दुसऱ्या शतकाच्या मध्यात भूगोलकार टॉलेमीने ओझेनी ही ‘तिआस्तेनेस’ची, म्हणजे चष्टनाची, राजधानी आणि बैठण, म्हणजे पैठण, ही सातवाहन राजा पुळुमावीची राजधानी असे लिहिले. उत्तर-दक्षिण मार्गाची दोन टोके दोन प्रतिस्पर्ध्यांच्या हाती असल्याची ही समकालीन साक्ष आहे.

क्षत्रप ही इराणी परंपरेतील प्रांताधिपतीची पदवी. त्यामुळे चष्टन आरंभी कुषाणांचा मांडलिक असावा, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मथुरेजवळ माट येथे कुषाण राजांच्या पुतळ्यांसोबत ‘शस्तन’ असे नाव कोरलेला एक भग्न पुतळा सापडला आहे. तो चष्टनाचा असल्याचे मत प्रचलित आहे. चष्टनाचा मुलगा जयदामन बापाच्या हयातीतच वारला. अंधौच्या वर्ष ५२ च्या लेखांत चष्टनासोबत त्याचा नातू रुद्रदामन याचे नाव येते, ते त्यामुळेच.

रुद्रदामन : सत्तेचा माध्यान्ह

रुद्रदामनाविषयीची बहुतेक माहिती जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या एका प्रस्तरावरून मिळते. याच प्रस्तरावर अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या आहेत. रुद्रदामनाचा लेख वर्ष ७२ चा, म्हणजे इ. स. १५० च्या सुमाराचा आहे. त्याचा विषय आहे सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध. हा तलाव चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने बांधला आणि अशोकाच्या काळात यवन तुषास्फ याने त्याला पाट काढले, असा पूर्वेतिहास लेख देतो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या सार्वजनिक बांधकामाची इतकी नेमकी आठवण सरकारदरबारी टिकून होती, ही गोष्ट भारतीय इतिहासात दुर्मीळ आहे.

अतिवृष्टीने सुवर्णसिकता, पलाशिनी या नद्यांना पूर आला आणि बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल भगदाड पडले. काम आवाक्याबाहेरचे म्हणून मंत्र्यांनी विरोध केला. लोक हवालदिल झाले. शेवटी काठेवाडचा अधिकारी पहलव सुविशाख याने ते काम तडीस नेले. प्रजेवर कर, वेठ किंवा सक्तीची वर्गणी न लादता सगळा खर्च राजाने आपल्या कोशातून केला, असे लेख आवर्जून सांगतो.

याच लेखात रुद्रदामनाच्या राज्याची यादी आहे : पूर्व आणि अपर आकरावंती, अनूप, आनर्त, सुराष्ट्र, श्वभ्र, मरू, कच्छ, सिंधू-सौवीर, कुकुर, अपरांत आणि निषाद. म्हणजे माळव्यापासून सिंधच्या काही भागापर्यंत आणि मारवाडपासून उत्तर कोकणापर्यंत त्याचा अंमल होता. त्याने यौधेय गणाला नमवले. दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा उघड युद्धात हरवले, पण जवळचा नातेवाईक म्हणून त्याचा उच्छेद केला नाही. हे नाते मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यातील एका लेखावरून उलगडते. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातील एका महाक्षत्रपाची कन्या असल्याचे त्यात म्हटले आहे. तो महाक्षत्रप रुद्रदामनच असावा असे मानतात. रणांगणावरचे शत्रू घरात सोयरे होते.

लेखाची भाषाही महत्त्वाची आहे. त्या काळी राजकीय लेख प्राकृतात कोरण्याची रीत होती. सातवाहनांचे लेख प्राकृतातच आहेत. रुद्रदामनाचा लेख मात्र अलंकारयुक्त संस्कृत गद्यात आहे आणि या प्रकारचा तो पहिला मोठा लेख समजला जातो. व्याकरण, संगीत आणि तर्क यांत राजा प्रवीण होता, गद्यपद्य रचना करीत होता, युद्धाखेरीज मनुष्यवध न करण्याची त्याची प्रतिज्ञा होती, असे त्यात वर्णन आहे. त्यातला प्रशस्तीचा भाग वजा केला तरी एक गोष्ट उरते. परकी कुळाच्या राजाने प्रतिष्ठा मिळवण्यासाठी संस्कृतचा आश्रय घेतला आणि पुढच्या राजवटींनी तोच कित्ता गिरवला.

राज्याची घडी

कार्दमकांच्या राज्यात एकाच वेळी दोन सत्ताधारी असत. ज्येष्ठ तो महाक्षत्रप, त्याच्या हाताखालचा वारस तो क्षत्रप. दोघेही आपापल्या नावाने नाणी पाडत. गादी सहसा बापाकडून थेट मुलाकडे न जाता भावाकडून भावाकडे जाई आणि भाऊ संपले की पुढच्या पिढीकडे वळे. या पद्धतीमुळे अज्ञान मुलाच्या हाती राज्य जाण्याचा धोका टळे आणि भावी राजाला कारभाराचा सराव मिळे. उलट बाजूने, चुलते-पुतणे यांच्यात हक्काचे वाद पेटायलाही तीच कारण ठरे.

या घराण्याचा इतिहास तपशिलाने सांगता येतो, तो त्याच्या नाण्यांमुळे. सुमारे दोन ग्रॅम वजनाच्या या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आणि भोवती अपभ्रष्ट ग्रीक अक्षरे असतात. दुसऱ्या बाजूला तीन कमानींची टेकडी, चंद्र, सूर्य आणि खाली नदीची नागमोडी रेघ. कडेने ब्राह्मीत राजाचे नाव व पदवी, तसेच त्याच्या बापाचे नाव व पदवी. दुसऱ्या शतकाच्या शेवटच्या चरणापासून राजाच्या डोक्यामागे वर्षाचा आकडाही येऊ लागला. प्राचीन भारतात इतकी सलग वर्षे असलेली नाणी दुसऱ्या कोणत्याही घराण्याची नाहीत. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या वर्षी क्षत्रपाचा महाक्षत्रप झाला, कोणाची पदवी मध्येच उतरली, हे सारे नाण्यांवरून कळते.

ओहोटी

रुद्रदामनानंतर त्याचा मुलगा दामजदश्री गादीवर आला. त्याच्यानंतर त्याचा मुलगा जीवदामन आणि भाऊ रुद्रसिंह यांच्यात सत्तेसाठी ओढाताण झाली. दोघांच्याही नाण्यांवर महाक्षत्रप ही पदवी आलटून पालटून दिसते. वर्ष १०३, म्हणजे इ. स. १८१ मधील काठेवाडातल्या गुंडा येथील लेखात रुद्रसिंहाचा सेनापती म्हणून आभीर जमातीच्या रुद्रभूतीचे नाव येते. आभीर सैन्यात मोठ्या हुद्द्यांवर पोहोचले होते. ईश्वरदत्त नावाच्या एकाने तर महाक्षत्रप म्हणून स्वतःच्या राज्यवर्षांची, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची, नाणी पाडली. शक संवत टाळून स्वतःची वर्षे मोजणारा हा बंडखोर आभीर असावा, असा तर्क आहे.

याच सुमारास सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीने अपरांत परत घेतला. त्याची चांदीची नाणी क्षत्रपांच्या धर्तीवर राजाचा चेहरा असलेली आहेत आणि त्यांतले एक सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. म्हणजे कोकण हातचे गेले तरी बाजारात विश्वास क्षत्रपांच्या नाण्याच्या घडणीवरच होता.

तिसऱ्या शतकात रुद्रसेन पहिला, संघदामन आणि दामसेन या भावांनी आणि मग दामसेनाच्या मुलांनी राज्य केले. त्यांतल्या विजयसेनाच्या काळात, इ. स. २३९ ते २५०, नाणी विपुल आणि सुबक आहेत. पुढे रुद्रसेन दुसरा याची नाणीही मोठ्या संख्येने मिळतात. आंध्रातील नागार्जुनकोंड्याच्या एका लेखात इक्ष्वाकू राजा वीरपुरुषदत्ताची राणी रुद्रधरा ही उज्जयिनीच्या महाराजाची कन्या असल्याचे म्हटले आहे. दक्षिणेत सातवाहनांची जागा इक्ष्वाकूंनी घेतली तेव्हा क्षत्रपांनी सोयरिकीचा जुना मार्ग त्यांच्याशीही चालू ठेवला.

पण राज्याच्या कडा झिजत होत्या. राजस्थानातील नांदसा येथे कृत संवत २८२, म्हणजे इ. स. २२६ च्या सुमाराचा यूपलेख, म्हणजे यज्ञस्तंभावरचा लेख, आहे. त्यात मालव गणाने आपले स्वातंत्र्य यज्ञाने मिरवले आहे. नाशिक भागात आभीर राजा ईश्वरसेन स्वतंत्र झाला. इ. स. २४८-४९ पासून मोजला जाणारा, पुढे कलचुरी-चेदी म्हणून ओळखला गेलेला संवत या आभीरांशी जोडला जातो. रोमन साम्राज्य तिसऱ्या शतकात अंतर्गत गोंधळात सापडले आणि तांबड्या समुद्रावरून होणारा व्यापार मंदावला. भडोचच्या जकातीवर उभ्या असलेल्या राज्याला याची झळ लागणे अपरिहार्य होते.

शेवटचे क्षत्रप

भर्तृदामनाचा मुलगा विश्वसेन हा चष्टनाच्या थेट वंशातला शेवटचा ज्ञात राजा. त्याची नाणी इ. स. ३०४ च्या सुमारास थांबतात. लगेच स्वामी जीवदामनाचा मुलगा रुद्रसिंह दुसरा याची नाणी सुरू होतात. त्याच्या बापाला कोणतीही राजपदवी नव्हती, फक्त ‘स्वामी’ हा किताब होता. गादी दुसऱ्या शाखेकडे गेली होती. सुमारे चार दशके कोणीच महाक्षत्रप ही पदवी धारण केली नाही. इ. स. ३३२ नंतर तर पंधरा-सोळा वर्षे नाणी मिळतच नाहीत.

या काळात माळवा हातून निसटू लागला. सांचीजवळ कानाखेडा येथे आणि एरणला श्रीधरवर्मा नावाच्या दुसऱ्याच शक अधिपतीचे लेख आहेत. क्षत्रपांचे बळ काठेवाडात एकवटत गेले. इ. स. ३४८ मध्ये स्वामी रुद्रसेन तिसरा याने महाक्षत्रप ही पदवी पुन्हा धारण केली, पण ३५१ नंतर त्याच्याही नाण्यांत काही वर्षांचा खंड पडतो. जुनागढच्या उपरकोटात सापडलेला नाण्यांचा साठा याच अस्वस्थ काळात पुरला गेला असावा. पुढे त्याचा भाचा सिंहसेन गादीवर आला. पुरुषवंश सोडून वारसा बहिणीच्या मुलाकडे गेला, यावरून घराण्याची अवस्था लक्षात येते. शेवटचा ज्ञात राजा रुद्रसिंह तिसरा. त्याच्या नाण्यांवर ३१० किंवा त्यापुढचे वर्ष आहे, म्हणजे इ. स. ३८८ किंवा त्यानंतरचे.

तोवर पूर्वेकडे गुप्तांचे साम्राज्य उभे राहिले होते. समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत त्याची सेवा स्वीकारणाऱ्यांत शकांचाही उल्लेख आहे. त्यांच्यावर अखेरचा घाव घातला तो त्याचा मुलगा चंद्रगुप्त दुसरा याने. विदिशेजवळ उदयगिरीच्या लेण्यात त्याचा मंत्री वीरसेन याचा लेख आहे. पृथ्वी जिंकायला निघालेल्या राजासोबत आपण येथे आलो, असे तो सांगतो. तेथेच गुप्त संवत ८२, म्हणजे इ. स. ४०१-०२ चा दुसरा लेख आहे. गुप्तांचा तळ माळव्यात पडल्याचे यावरून स्पष्ट होते. या मोहिमेत दक्षिणेची बाजू सुरक्षित होती, कारण चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भातील वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याला दिली होती. पतीच्या अकाली निधनानंतर नागपूरजवळच्या नंदिवर्धन येथून तीच राज्यकारभार पाहत होती.

पाचव्या शतकाच्या पहिल्या दशकात पश्चिम भारतात चंद्रगुप्ताची चांदीची नाणी निघाली. घडण क्षत्रपांचीच, वजनही तेच. टेकडीच्या जागी गुप्तांचा गरुड आला आणि शक वर्षाऐवजी गुप्त वर्ष. लोकांच्या हातातले नाणे न बदलता मालक बदलला होता. अर्ध्या शतकानंतर सुदर्शनचा बांध पुन्हा फुटला, तेव्हा तो स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने दुरुस्त केला आणि रुद्रदामनाच्याच प्रस्तरावर आपला लेख कोरला.

अस्ताची कारणे आणि वारसा

कार्दमकांचा अस्त एका लढाईत झाला नाही. भडोचचा व्यापार, सोयरिकीचे राजकारण आणि दोन सत्ताधाऱ्यांची जोडपद्धती या तीन आधारांवर त्यांचे राज्य उभे होते. व्यापार मंदावला, ज्यांच्याशी सोयरीक केली ती घराणी लयाला गेली आणि वारशाची पद्धत भाऊबंदकीचे कारण बनली. गुप्तांनी जिंकले ते आधीच पोखरलेले राज्य होते.

लोकस्मृतीने या घराण्याला न्याय दिला नाही. उज्जयिनीच्या कथा-आख्यायिकांत नायक झाला तो शकांना हरवणारा विक्रमादित्य. कालकाचार्य आणि गर्दभिल्ल यांच्या जैन कथेत शक येतात ते केवळ सूडासाठी बोलावलेली फौज म्हणून. रुद्रदामनाचे नाव तर विद्वानांनी जुनागढचा लेख वाचेपर्यंत विस्मरणात गेले होते.

त्यांची कालगणना मात्र टिकली. इ. स. ७८ पासून मोजला जाणारा संवत नेमका कोणी सुरू केला, कनिष्काने की चष्टनाने, यावर मतभेद आहेत. पण तीन शतके तो सलग वापरला आणि रुळवला तो उज्जयिनीच्या क्षत्रपांनीच. उज्जयिनी ज्योतिषाचे केंद्र झाल्यावर तो पंचांगात स्थिरावला. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने गणितासाठी शक ४२७ हे वर्ष आधाराला घेतले. बदामीच्या चालुक्य पहिल्या पुलकेशीचा लेख शक ४६५ चा आहे. महाराष्ट्रात पुढे या शकाला शालिवाहनाचे, म्हणजे सातवाहनाचे, नाव जोडले गेले आणि सातवाहनांच्या प्रतिस्पर्ध्यांनी रुजवलेली गणना सातवाहनांच्याच नावावर जमा झाली. २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, भारत सरकारने याच शकावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आणली. ती आजही चालू आहे.